चौकट : बुटीबोरी ते बोर धरण, सायकलवरून

• मार्ग : बुटीबोरी – सेलडोह – केळझर – सेलू – हिंगणी – बोर धरण. एका बाजूने अंदाजे ४५ कि.मी.

• रस्ता : सेलूपर्यंत नागपूर–वर्धा महामार्ग. ट्रकची वर्दळ असते, म्हणून डावी कडा सोडू नका. सेलूला वळलं की दोन्ही बाजूंना कपाशी आणि तूर.

• थांबा : केळझरच्या टेकडीवरचा सिद्धिविनायक. विदर्भाच्या अष्टविनायकांपैकी एक.

• बोर : बोर नदीवरच्या धरणाभोवतीचं जंगल. १९७० मध्ये अभयारण्य, २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प. गाभा क्षेत्र सुमारे १३८ चौ. कि.मी.; त्या मानाने देशातल्या सर्वांत छोट्या व्याघ्र प्रकल्पांपैकी एक.

• कधी : नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पहाटे निघा, उन्हं चढण्याआधी पोहोचा. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा नकोच.

• सोबत : दोन बाटल्या पाणी, पंप आणि जादा ट्यूब. कडेच्या मातीत सायकल टेकवली की सराट्याचा काटा टायरमध्ये रुततो. पंक्चर कळतं ते दोन कि.मी. पुढे गेल्यावर.

• लक्षात ठेवा : समृद्धी महामार्गावर सायकलला बंदी आहे. जंगलातही सायकल नेता येत नाही. ती प्रवेशद्वाराबाहेरच ठेवा. वाघ गेटची हद्द मानत नाही, म्हणून अंधार पडण्याआधी हिंगणी सोडा.