अपृष्ठवंशी प्राणी : हृदय व चेतासंस्थेच्या अभ्यासाची किल्ली

प्राणिसृष्टीतील ज्ञात प्रजातींपैकी ९५ टक्क्यांहून अधिक प्रजाती अपृष्ठवंशी आहेत. मानवी शरीराशी त्यांचे वरवर फारसे साम्य नाही. तरीही हृदय का धडधडते आणि चेतातंतूतून संदेश कसा वाहतो, या मूलभूत प्रश्नांची उत्तरे प्रथम याच प्राण्यांनी दिली. मोठ्या आकाराच्या पेशी, मोजक्या चेतापेशी आणि सुटसुटीत रचना ही त्यामागील कारणे होत.

हृदयाचा ठोका : दोन प्रकार

हृदयाच्या ठोक्याचा उगम स्नायूत की चेतापेशीत, हा एकोणिसाव्या शतकातील वादाचा विषय होता. लिम्युलस या घोड्याच्या नालासारखे कवच असलेल्या सागरी प्राण्याचे हृदय नळीसारखे असून त्याच्या पृष्ठभागावर चेतागुच्छिका स्वतंत्रपणे दिसते. त्यामुळे स्नायूला धक्का न लावता ती वेगळी करता येते. अमेरिकेतील शरीरक्रियाशास्त्रज्ञ ए. जे. कार्लसन यांनी १९०४ च्या सुमारास ही गुच्छिका काढून टाकली, तेव्हा हृदयाचे आकुंचन थांबले. अशा हृदयाला 'चेताजन्य' हृदय म्हणतात. शेवंडाचे हृदयही याच प्रकारचे असून त्याची लय अवघ्या ९ चेतापेशींची गुच्छिका ठरविते.

याउलट, मानवासह सर्व पृष्ठवंशी प्राण्यांचे हृदय 'स्नायुजन्य' असते. मानवात ठोक्याची सुरुवात उजव्या कर्णिकेतील विशिष्ट स्नायुपेशींच्या समूहात होते; चेतातंतू केवळ गती कमी-अधिक करतात. म्हणूनच प्रत्यारोपित हृदय, त्याच्या चेता तुटलेल्या असूनही, धडधडत राहते. गोगलगायीसारख्या मृदुकाय प्राण्यांचे हृदयही स्नायुजन्यच असते. म्हणजेच 'अपृष्ठवंशी म्हणून चेताजन्य' असे समीकरण मांडणे चुकीचे ठरेल.

माकुलाचा महाकाय चेतातंतू

सस्तन प्राण्यांच्या चेतातंतूचा व्यास मिलिमीटरच्या काही हजारांश भागाइतका असतो. माकूल अर्थात स्क्विड या प्राण्यात मात्र तो १ मिलिमीटरपर्यंत जाऊ शकतो. जे. झेड. यंग यांनी १९३६ मध्ये या तंतूचे महत्त्व निदर्शनास आणले. त्यात थेट विद्युतअग्र घालता येत असल्याने ॲलन हॉजकिन व अँड्र्यू हक्सले यांनी १९३९ मध्ये इंग्लंडमधील प्लिमथ येथे पेशीच्या आतून विद्युतविभवाची नोंद घेतली. सोडियम आयन आत शिरतात व त्यानंतर पोटॅशियम आयन बाहेर पडतात, यातून चेतासंदेश निर्माण होतो, हे त्यांनी १९५२ मध्ये गणिती समीकरणांसह मांडले. या कार्यासाठी त्यांना १९६३ चे नोबेल पारितोषिक जॉन एकल्स यांच्यासमवेत मिळाले.

विशेष म्हणजे, हीच समीकरणे सुधारून डेनिस नोबल यांनी १९६० मध्ये हृदयपेशीच्या विद्युतक्रियेचे पहिले गणिती प्रारूप तयार केले. अशा रीतीने चेतातंतूचा अभ्यास हृदयविज्ञानाच्याही उपयोगी पडला.

फळमाशी आणि भारतीय योगदान

फळमाशीतील 'टिनमन' नावाचे जनुक निष्क्रिय असल्यास तिच्यात हृदय तयारच होत नाही, हे १९९३ मध्ये स्पष्ट झाले. मानवातील तत्सम जनुकातील दोष काही जन्मजात हृदयविकारांस कारणीभूत असल्याचे १९९८ मध्ये आढळले.

भारतात या संशोधनपरंपरेचा पाया डॉ. ओबेद सिद्दिकी यांनी घातला. त्यांनी १९६२ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. तापमान वाढताच लुळ्या पडणाऱ्या उत्परिवर्तित फळमाश्यांच्या चेताक्रियेतील दोषांवर सीमूर बेंझर यांच्यासमवेत त्यांनी केलेले संशोधन १९७६ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे बंगळूरु येथील राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राचे ते संस्थापक-संचालक झाले.

मर्यादा व महत्त्व

कीटकांत रक्ताभिसरण खुले असते आणि मानवासारखे चार कप्प्यांचे हृदय नसते. त्यामुळे तेथे मिळालेला निष्कर्ष मानवाला जसाच्या तसा लागू होत नाही. तो पृष्ठवंशी प्राण्यांत पडताळून पाहावा लागतो. मात्र आयनमार्ग व जनुके यांसारखी मूलभूत यंत्रणा उत्क्रांतीच्या ओघात मोठ्या प्रमाणावर टिकून राहिली आहे. माकुलाच्या चेतातंतूचा अभ्यास सुरू झाला, तेव्हा त्याचा वैद्यकीय उपयोग कोणास सांगता आला नसता. तात्काळ फळाची अपेक्षा न ठेवता मूलभूत संशोधनास पाठबळ का द्यावे, याचे हे बोलके उदाहरण होय.