जुन्या सॉफ्टवेअरचं आयुष्य – भाग ५ : विंडोजचा गेम लिनक्सवर का टिकतो?

विंडोजच्या प्रोग्रॅमला लागणाऱ्या सगळ्या सोयी लिनक्सवर नव्याने लिहून पुरवणाऱ्या ‘वाइन’ची ओळख आपण मागच्या भागात करून घेतली. १९९३मध्ये सुरू झालेल्या या मुक्त प्रकल्पाची १.० आवृत्ती यायला २००८ उजाडलं. एवढा खटाटोप करून विंडोजचा जुना शूटर चालवण्यापेक्षा लिनक्ससाठीच बनलेला का घेऊ नये, असं कुणालाही वाटेल. पण पंचवीस वर्षांपूर्वीच्या गेमच्या बाबतीत गणित बरेचदा उलटं पडतं. त्या काळातली विंडोजची फाइल आजच्या लिनक्सवर जितक्या सहज चालते, तितकी त्याच काळातली लिनक्सची फाइल चालत नाही.

‘सोल्जर ऑफ फॉर्च्यून’चं उदाहरण घेऊ. रेव्हन सॉफ्टवेअरचा हा गेम २००० साली विंडोजवर आला आणि त्याच वर्षी लोकी सॉफ्टवेअरने तो लिनक्सवर आणला. गेम एकच, फाइली दोन. लोकीची फाइल आवाजासाठी जी जुनी ओएसएस व्यवस्था गृहीत धरते, ती आजच्या बहुतेक लिनक्स वितरणांत सुरूच नसते. तिला हव्या त्या लायब्ररींच्या त्या काळच्या आवृत्त्याही हद्दपार झाल्या आहेत. शोधाशोध आणि जुळवाजुळव करून ती चालवता येते, नाही असं नाही. पण ते जाणकाराचं काम. विंडोजची फाइल मात्र वाइनकडे त्याच जुन्या सोयी मागते आणि वाइन त्या आजही पुरवतं.

याचा दोष लिनक्सच्या कर्नलला देता येणार नाही. चालू असलेला प्रोग्रॅम कर्नलमधल्या बदलाने बंद पडता कामा नये, हा लिनस टोरवाल्ड्स यांचा दंडक प्रसिद्ध आहे. गडबड होते ती कर्नल आणि गेम यांच्या मधल्या थरांत. लायब्ररी बदलली की वितरणवाले सगळे प्रोग्रॅम नव्याने कंपाइल करतात. सोर्स कोड हाताशी असल्यामुळे त्यांना ते जमतं. लोकीच्या गेमचा सोर्स बंद होता आणि जानेवारी २००२मध्ये कंपनीच बंद झाली. मग नव्याने कंपाइल करणार कोण? विंडोजच्या जगात सोर्स न देता फाइल विकायचीच रीत होती, त्यामुळे तिथल्या जुन्या सोयींचं वागणं विकल्या गेलेल्या हजारो प्रोग्रॅमनी बांधून ठेवलं. वाइनचं लक्ष्य नेमकं हेच वागणं आहे, त्यातल्या खोडींसकट. शिवाय वाइनचा सोर्स खुला असल्याने खालचे थर बदलले तरी त्याची डागडुजी होत राहते.

यावर पहिला आक्षेप वेगाचा. दुभाष्या मध्ये आला म्हणजे काम रखडणार, असं वाटतं. पण वाइन हे प्रोसेसरची नक्कल करणारं एम्युलेटर नव्हे. गेममधल्या एक्स८६ सूचना पीसीच्या प्रोसेसरवर थेट चालतात. बदलतात त्या फक्त प्रणालीकडे केलेल्या मागण्या. विंडोजची डायरेक्ट३डी ही ग्राफिक्स-व्यवस्था वापरणाऱ्या गेमसाठी डीएक्सव्हीके हे साधन त्या मागण्या लिनक्सवरही चालणाऱ्या व्हल्कन या ग्राफिक्स-व्यवस्थेत उतरवतं, आणि व्हॉल्व्हने २०१८मध्ये आणलेल्या, वाइनवरच बेतलेल्या प्रोटॉनमध्ये ते पहिल्यापासून आहे. भाषांतर ही काही लिनक्सचीच लाचारी नाही. २०२२मध्ये इंटेलने आर्क ग्राफिक्स कार्डं आणली, तेव्हा डायरेक्टएक्स ९चे गेम खुद्द विंडोजवरही भाषांतराच्या वाटेनेच चालवायचं ठरवलं.

दुसरा आक्षेप असा, की वाइनवरही जुने गेम सुरू होताच कोलमडतात. खरं आहे, पण कोलमडण्याचं कारण पाहावं. ओपनजीएल वापरणारा गेम सुरू होताना ग्राफिक्स ड्रायव्हरला ‘तुला काय काय येतं?’ असं विचारतो. २००० साली ही यादी आटोपशीर होती, म्हणून काही शूटरनी तिच्यासाठी ठरावीक लांबीचीच जागा राखली. आजची लांबलचक यादी त्या जागेत मावत नाही आणि गेम बसतो. चूक गेमची, तोड मात्र लिनक्सच्या मेसा ड्रायव्हरमध्ये तयार आहे. ‘मेसा एक्स्टेन्शन मॅक्स इयर’ या नावाचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आहे. त्यात २००१ असं साल घातलं, की ड्रायव्हर त्या सालापर्यंतच्याच गोष्टी सांगतो आणि गेम सुरू होऊ शकतो.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: कुलपं. सेफडिस्कसारख्या सीडी-संरक्षणाने बांधलेले गेम वाइनवर अडतात. पण ‘बॅटलफील्ड १९४२’सारख्या गेमची रीतसर विकत घेतलेली सेफडिस्कवाली सीडी २०१५च्या विंडोज १०वरही चालेना, कारण मायक्रोसॉफ्टने सुरक्षेपायी त्याचा ड्रायव्हरच काढून टाकला. म्हणजे अडचण कुलपाची आहे, वाइनची नव्हे. ‘व्हॅलोरंट’सारखे नवे ऑनलाइन शूटर लिनक्सला दारातच अडवतात, हेही कबूल, पण इथला दावा जुन्या गेमपुरता आहे.

सोर्स खुला करणं हा सर्वांत पक्का उपाय, यात वादच नाही. आयडी सॉफ्टवेअरने २००५मध्ये ‘क्वेक ३’चा इंजिन-कोड खुला केला, म्हणून तो आज लिनक्सवर नव्याने कंपाइल होतो. मात्र बहुतेक शूटरच्या वाट्याला हे भाग्य आलेलं नाही. त्यांच्यापुरता व्यवहारी नियम असा: मूळ लिनक्स आवृत्तीच्या मोहात न पडता विंडोजची, शक्यतो सीडी-कुलूप नसलेली प्रत घ्यावी. प्रत्येक गेमला वाइनमध्ये वेगळा प्रिफिक्स का द्यावा आणि तो कसा करावा, हे पुढच्या भागात पाहू.