झाडावर बसणाऱ्याचा दोर

अमेरिकेंत शरद ऋतु आला म्हणजे धनुष्यबाणानें हरणांची शिकार करणारे कित्येक शिकारी पहाटेच्या अंधारांत झाडावर चढून बसतात. मचाण बांधण्याऐवजीं त्यांपैकीं कांहीं जण निराळीच युक्ति योजतात. कमरेखालीं जाड पट्ट्यांची झोळीवजा बैठक बांधावयाची, ती एका दोरानें खोडास अडकवावयाची, आणि खोडास लावलेल्या लहानशा फळीवर पाय टेकून दोरावर रेलून राहावयाचें. या बैठकीस ते 'सॅडल', म्हणजे खोगीर, म्हणतात. पंधरा-वीस फूट उंचीवर शिकाऱ्याचा जीव त्या एका दोरावर असतो. भारतांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें अशा शिकारीस बंदी आहे. परंतु उंचावर दोराच्या आधारानें राहण्याचें शास्त्र सर्वत्र एकच आहे.

प्रथम झाड पाहावें लागतें. तें जिवंत व निरोगी हवें. सुटलेली साल, ढोली किंवा वाळलेला शेंडा दिसल्यास तें टाळलेलें बरें. दोर सुमारें ११ मिलिमीटर जाडीचा व माणसाचा भार घेण्यासाठींच विणलेला असावा. सामान बांधण्याची दोरी येथें कामाची नव्हे. त्याच्या एका टोंकास पक्का फांस असतो. दोर खोडाभोवतीं फिरवून दुसरें टोंक या फांसांतून ओढून घेतलें कीं, भार पडतांच वेढा खोडास आवळून बसतो.

दोराच्या लोंबत्या भागावर बारीक दोरीच्या वळ्याचे तीन वेढे देऊन सरकती गांठ मारतात. तिला जोडलेल्या झडपेच्या कडींत बैठकीचा दुवा अडकतो. ही गांठ ऑस्ट्रियाचे गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांच्या नांवानें ओळखली जाते. त्यांनीं ती १९३१ मध्यें पुढें आणली. भार नसतां ती हातानें वरखालीं सरकते. भार पडला कीं घर्षणानें जागच्या जागीं रुतते. मात्र वेढ्यांची दोरी मुख्य दोराहून बारीक नसेल, किंवा दोर बर्फानें माखलेला असेल, तर ती घसरूं शकते. म्हणून दोराच्या मोकळ्या टोंकास एक जाड गांठ ठेवतात.

एवढें केल्यावर माणूस निर्धास्त झाला काय? नाहीं. मजबूत दोरहि ढिला असला तर घातक ठरतो. ८० किलो वजनाचा माणूस पाय घसरून ६० सेंटिमीटर खालीं आला आणि दोरानें त्यास पुढील १० सेंटिमीटरांत थांबविलें, तर त्या क्षणीं वजनाच्या सरासरी सातपट, म्हणजे ५६० किलोचा ताण पडतो. चांगला दोर तो सोसतो. माणसाचा कणा सोसेलच असें नाहीं. दोर आधींच ताठ असेल तर पडावयास अंतरच उरत नाहीं, आणि ताण फार तर वजनाच्या दुपटीच्या घरांत राहतो. म्हणून खोडावरील वेढा उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या रेषेंत किंवा थोडा वर ठेवतात, व बसतां-उठतांना सरकती गांठ हलवून ढील काढून घेतात.

दुसरा धोका चढउताराचा. विजेच्या खांबावर चढणारे कामगार वापरतात तसा, खोड व कंबर यांना वेढणारा एक दोर चढतांना सुरुवातीपासून असावा. वाटेंत फांदी आली तर दुसरा दोर फांदीच्या वर बांधून मगच खालचा सोडावयाचा. वर पोंचल्यावरहि बैठकीचा दोर अडकवून, त्यावर भार टाकून पाहिल्यावांचून चढणीचा दोर सोडूं नये. शिवाय पाय अधांतरीं ठेवून निश्चल लोंबकळत राहिल्यास रक्त पायांत सांचून शुद्ध हरपण्याचा संभव असतो. म्हणून पुन्हां पाय टेकण्याची सोय हाताशीं हवी, आणि कोठें बसलों आहों हें घरीं सांगून ठेवलेलें हवें.

अमेरिकेंतील शिकाऱ्याचा हा नियम आपल्या अंगणांतहि लागू पडतो. माडावरून नारळ पाडणारा किंवा खिडकीवर आलेली फांदी छाटणारा मजूर पुष्कळदां दोरावांचूनच चढतो. त्यास कामास बोलावणाऱ्या गृहस्थानें मजुरी ठरवितांनाच दोराचीहि चौकशी करावी. दोर आहे काय, तो जमीन सोडल्यापासून बांधलेला राहील काय, आणि तो ताठ राहील काय, हे तीन प्रश्न विचारण्यास क्षणभरहि लागत नाहीं.