पेरणीपूर्वीचें भाकीत आणि पहिल्या सामन्याचा संघ

बुलढाणा जिल्ह्यांतील जळगांव जामोद तालुक्यांत भेंडवळ नांवाचें गांव आहे. दर वर्षीं अक्षय्य तृतीयेच्या सायंकाळीं तेथें शेतांत घट मांडतात. अठरा धान्यें वर्तुळाकार ठेवतात; मध्यभागीं पावसाळ्याच्या चार महिन्यांचीं म्हणून मातीचीं चार ढेकळें व त्यांवर पाण्यानें भरलेली घागर असते. दुसऱ्या दिवशीं सूर्योदयाच्या सुमारास त्यांत झालेले फेरफार पाहून वाघ घराण्यांतील महाराज पावसापाण्याचें आणि पिकांचें भाकीत सांगतात, व तें ऐकण्यास दूरदूरचे शेतकरी जमतात.

या भाकितास शास्त्राचा आधार नाहीं, हा विवेकवादी मंडळींचा आक्षेप यथार्थ आहे. तथापि हंगाम उघडण्यापूर्वींच ज्यास बी-बियाण्यांत पैसा घालावा लागतो, त्यास पुढचें कांहीं कळावें असें वाटणें अस्वाभाविक नव्हे. हीच उत्कंठा आज आपल्या सुशिक्षित घरांतून निराळ्या वेषांत दिसते. क्रिकेटचा किंवा फुटबॉलचा हंगाम सुरू होण्याच्या आदल्या रात्रीं घरांतील तरुण मंडळी मोबाइल हातांत घेऊन खऱ्या खेळाडूंचा एक काल्पनिक संघ जुळविण्यांत गढलेली असतात.

ज्या वडीलधाऱ्या वाचकांस हा प्रकार अपरिचित असेल, त्यांच्यासाठीं थोडा खुलासा करतों. ठराविक काल्पनिक भांडवलांत खेळाडू निवडावयाचे. प्रत्यक्ष सामन्यांत ते जसे खेळतील तसे गुण आपल्या संघास मिळावयाचे. अमेरिकेंत १९६२ सालीं विल्फ्रेड विंकेनबाख यांनीं तेथील फुटबॉलवर असा खेळ बसविला. आपल्याकडे हर्ष जैन व भावित शेठ यांनीं २००८ सालीं मुंबईंत ‘ड्रीम इलेव्हन’ काढली आणि पुढें क्रिकेटच्या निमित्तानें हा खेळ घरोघर पोंचला. त्यांत निवडलेल्या अकरांपैकीं कर्णधाराचे गुण दुप्पट आणि उपकर्णधाराचे दीडपट धरीत.

पहिल्या सामन्याचा संघ निवडणें सर्वांत कठीण, कारण त्या हंगामाचा एकही आंकडा तेव्हां हाताशीं नसतो. मग मन प्रसिद्ध नांवाकडे आणि मागील पराक्रमाकडे धांवतें. आमच्या मतें अशा वेळीं तीन प्रश्न विचारावे.

पहिला प्रश्न, हा खेळाडू मैदानांत उतरणार काय? इंग्लंडच्या प्रीमियर लीगवर आधारलेल्या विनामूल्य खेळांत साठ मिनिटें मैदानावर राहणाऱ्यास दोन गुण मिळतात व त्याहून कमी वेळ खेळणाऱ्यास एकच. म्हणजे नियमच हा धडा शिकवितात. तेव्हां विदर्भाकडून खेळत असलेल्या करुण नायर यांनीं २०२४-२५ च्या विजय हजारे स्पर्धेंत पांच शतकांसह ७७९ धावा केल्या. परंतु २०२५ च्या आयपीएलमध्यें दिल्लीच्या पहिल्या चार सामन्यांत त्यांस जागाच मिळाली नाहीं. केवळ कीर्ति पाहून ज्यांनीं त्यांस आरंभीं घेतलें असेल, त्यांच्या पदरीं शून्य पडलें.

दुसरा प्रश्न, त्याच्याकडे काम कोणतें? वीस षटकांच्या सामन्यांत आरंभींच्या फलंदाजास पुष्कळ चेंडू मिळतात, सहाव्या क्रमांकाच्या फलंदाजास उरलेसुरले. अमरावतीच्या जितेश शर्मा यांनीं २७ मे २०२५ रोजीं लखनौ येथें सहाव्या क्रमांकावर येऊन ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा केल्या व बंगळूरला विजय मिळवून दिला. खेळी अविस्मरणीय खरी. पण त्या क्रमांकावर इतके चेंडू रोज वांट्यास येत नाहींत.

तिसरा प्रश्न, मागील आंकडे किती काळाचे? नायर यांची विजय हजारेंतील सरासरी ३८९.५ पडली, कारण ते दोनदांच बाद झाले. पुढें इंग्लंडमधील कसोटी सामन्यांत आठ डावांत त्यांच्या २०५ धावा झाल्या. यांत खेळाडूचा दोष नाहीं. अल्पकाळाचा अलौकिक आंकडा दीर्घकाळ टिकत नाहीं, एवढेंच. म्हणून एका स्पर्धेच्या झगमगाटापेक्षां तीन-चार वर्षांची सरासरी अधिक विश्वासार्ह मानावी.

आपला शेतकरी भाकीत ऐकतो, पण पेरतो तें जमिनीची ओल पाहून. पाऊस ७५ ते १०० मिलिमीटर पडेपर्यंत पेरणीची घाई करूं नये, असा कृषि खात्याचाही सल्ला असतो. पहिल्या सरीवर सगळें बियाणें टाकणाऱ्यावर दुबार पेरणीची पाळी येते. पहिल्या सामन्यांतही ज्यांची जागा व काम निश्चित, तेच घ्यावे आणि नवख्यांची परीक्षा दोन-तीन सामने दुरून पाहावी.

इतकें करूनही एखादा झेल सुटतो, नाणेफेक उलटी पडते आणि सारा हिशेब फसतो. पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयानें २०१७ सालीं हा खेळ कौशल्याचा ठरविला होता. कौशल्य त्यांत आहेच. मात्र तें हंगामभरांत दिसतें, एका सामन्यांत दैवाचा वांटा मोठा असतो. त्यांतून स्पर्धा चालविणारा आपला हिस्सा आधींच काढून घेत असल्यामुळें सर्व खेळणारे मिळून तोट्यांतच राहत. २२ ऑगस्ट २०२५ रोजीं राष्ट्रपतींची संमति मिळालेल्या कायद्यानें पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ, ते कौशल्याचे असोत वा दैवाचे, निषिद्ध ठरविले, आणि ड्रीम इलेव्हननें आपल्या पैशांच्या स्पर्धा बंद केल्या. कॉलेजची फी किंवा घरखर्चाची रक्कम एका सामन्यावर लावण्याची वाट त्यायोगें अरुंद झाली. ती घरांतूनही बंद व्हावी.

मुलांवर रागावून हें साधणार नाहीं. हंगामाच्या पहिल्या दिवशीं काका-पुतण्यांनीं आणि आजोबा-नातींनीं एकत्र बसून, पैसा न लावतां, आपापला संघ वहींत लिहावा; प्रत्येक नांवापुढें निवडीचें कारण एका ओळींत नोंदवावें. सामना संपल्यावर गुण मोजण्यापूर्वीं तीं कारणें वाचावीं. कोणाचें कारण खरें ठरलें आणि कोणाचें केवळ नशीब फळलें, हें त्या वहींत स्पष्ट दिसेल.