लहरींचा लिलाव आणि गावातली रेंज : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मुरबाड तालुक्यातले धसई १ डिसेंबर २०१६ रोजी रोकडरहित गाव म्हणून जाहीर झाले. किराणा दुकानात कार्ड चालायचे, तर यंत्राला आधी रेंज मिळायला हवी. ही रेंज ज्या रेडिओलहरींवर चालते, त्यांच्यासाठी मोबाइल कंपन्या हजारो कोटींच्या बोली लावतात. या व्यवहाराबद्दलचे काही गैरसमज दूर व्हायला हवेत.

गैरसमज : लिलावात घेतलेल्या लहरी कंपनीच्या मालकीच्या होतात.
वस्तुस्थिती : लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केले. लिलावात कंपनीला मिळतो तो ठरावीक मुदतीचा, सहसा २० वर्षांचा, वापराचा हक्क. २०१२ मध्ये न्यायालयाने मनमानी पद्धतीने दिलेले १२२ परवाने रद्द केले आणि पुढचे वाटप लिलावाने झाले.

गैरसमज : मोठी बोली लावणाऱ्या कंपनीची रेंज गावोगावी मिळते.
वस्तुस्थिती : देशाचे २२ दूरसंचार परिमंडळांत विभाजन केले आहे आणि बोली परिमंडळासाठी लागते, गावासाठी नाही. २०२२ च्या लिलावात एकूण सुमारे १.५० लाख कोटींच्या बोली लागल्या. त्यांत जिओच्या ८८,०७८ कोटींच्या, तर एअरटेलच्या ४३,०८४ कोटींच्या होत्या. लहरी हातात असल्या तरी टॉवर, वीज आणि टॉवरपर्यंत फायबर नसेल, तर फोनवर रेंज दिसत नाही.

गैरसमज : ५जी आले, आता डोंगराळ भागाची अडचण संपली.
वस्तुस्थिती : ५जीचा वेग मुख्यतः ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातून येतो. तिथे क्षमता मोठी, पण पल्ला कमी. ७०० मेगाहर्ट्झच्या लहरी दूरवर आणि भिंतींआड जास्त चांगल्या पोहोचतात. सह्याद्रीच्या कुशीतल्या वाड्यापाड्यांना या पट्ट्याचा उपयोग अधिक. लिलावाच्या चढ्या राखीव (किमान) किमतीमुळे २०१६ आणि २०२१ मध्ये तो कुणीच घेतला नाही; २०२२ मध्ये एकट्या जिओने घेतला. तरीही मध्ये डोंगराची सोंड आली की त्याचाही जोर ओसरतो.

गैरसमज : लिलावात नेहमीच चुरस असते.
वस्तुस्थिती : एकेकाळी दहाहून अधिक कंपन्या होत्या. आता तीन मोठ्या खासगी कंपन्या आणि सरकारी बीएसएनएल उरल्या आहेत. २०२४ मध्ये ९६,२३८ कोटींच्या लहरी विक्रीला होत्या, बोली लागल्या फक्त ११,३४० कोटींच्या.

गैरसमज : तोट्याच्या भागात टॉवर उभारायला पैसाच नसतो.
वस्तुस्थिती : कंपन्यांच्या महसुलातून एक हिस्सा खास ग्रामीण व दुर्गम सेवेसाठी वसूल होतो. तो निधी आज डिजिटल भारत निधी या नावाने ओळखला जातो.

दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या २०२४ च्या नियमांनुसार कंपन्यांना आपले रेंजचे नकाशे संकेतस्थळावर प्रसिद्ध करावे लागतात. तुमच्या पाड्याचा नकाशा पाहा, प्रत्यक्षाशी ताडून पाहा, तफावत असेल तर लेखी तक्रार करा आणि ग्रामसभेत ठराव मांडा. लहरी जनतेच्या आहेत, त्यांचा हिशेब मागणे हा आपला हक्क आहे.