‘रांची’ आगबोटीची हकीकत

आपल्या बारामती-इंदापूरच्या मुलखास कऱ्हा, नीरा व भीमा या नद्यांचा शेजार आहे; समुद्र मात्र दूर. तथापि बैल आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. तोच बैल पेरणीस पाभर ओढतो आणि सुगीत उसाची गाडी. बैल तोच, ओझे काय घालावयाचे ते धनी ठरवितो. आगबोटींचेही असेच असते. अशाच एका आगबोटीची ही हकीकत आहे.

इ. स. १९२५ च्या सुमारास पी. अँड ओ. कंपनीने लंडन-मुंबई टपालासाठी चार आगबोटी बांधविल्या. त्यांची नावे ‘रांची’, ‘रानपुरा’, ‘रावळपिंडी’ व ‘राजपुताना’ अशी आपल्याकडचीच होती. प्रत्येकीत पहिला व दुसरा असे दोन वर्ग असून सुमारे ६०० उतारूंची सोय होती. महात्मा गांधी गोलमेज परिषदेकरिता २९ ऑगस्ट १९३१ रोजी मुंबईहून निघाले, ते यांपैकी ‘राजपुताना’ आगबोटीनेच.

१९३९ साली महायुद्ध पेटले आणि चौघींवरही तोफा चढल्या. ‘रांची’स ६ इंची आठ तोफा मिळाल्या. परंतु टपालाच्या बोटीस पोलादी चिलखत कोठून असणार? त्याच वर्षी २३ नोव्हेंबर रोजी दोन प्रचंड जर्मन युद्धनौकांनी ‘रावळपिंडी’ बुडविली. एप्रिल १९४१ मध्ये आइसलंडजवळ पाणबुडीने ‘राजपुताना’स जलसमाधी दिली. ‘रांची’ मात्र बचावली व १९४३ पासून सैनिकांची ने-आण करू लागली.

युद्ध संपले तेव्हा इंग्लंडात बॉम्बवर्षावाने घरे पडलेली होती व अन्नवस्त्रही मापून मिळत होते. उलट ऑस्ट्रेलियास माणसे हवी होती. १९४७ पासून त्या दोन सरकारांनी प्रौढ माणसास अवघ्या १० पौंडांत तेथे पोहोचविण्याची योजना चालविली. मुलांस भाडे नव्हते. अट एवढीच की, दोन वर्षे तेथे राहावे, नाहीतर भाडे परत करावे. माणसे तयार होती. बोटी पुष्कळशा समुद्रतळी गेलेल्या. म्हणून जुन्या सैनिकवाहू बोटींस नवे काम मिळाले. १९४८ साली ‘रांची’ची पुनर्रचना झाली. वर्गभेद काढून टाकण्यात आला व सुमारे ९५० माणसांस एकाच दर्जाची जागा मिळू लागली. दाटी वाढली खरी. परंतु कोणी वरचा, कोणी खालचा हे राहिले नाही. १९५३ साली ती मोडीत निघाली.

येथपर्यंत ही हकीकत ऐकून मनास समाधान वाटते. तरवारींचे फाळ होतील हे यशया संदेष्ट्याचे भाकीत अंशतः खरे झाले, असेही वाटते. परंतु आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून ही हकीकत पुरी होत नाही.

पी. अँड ओ.च्या बोटींवर सारंग, तांडेल व खलाशी पुष्कळदा आपल्या कोकणातले असत. स्वयंपाकी व वाढपी गोव्याचे. ज्या देशी हे लोक हजारो कुटुंबांस सुखरूप पोहोचवीत, तेथे त्यांस स्वतःस मात्र घर करता येत नसे. ऑस्ट्रेलियाच्या १९०१ च्या कायद्यात गोरेतरांस अडविण्याची एक युक्ती होती. ती म्हणजे श्रुतलेखनाची परीक्षा! युरोपातील एखाद्या भाषेतला ५० शब्दांचा उतारा लिहावयाचा, आणि भाषा निवडावयाची अधिकाऱ्याने. इंग्रजी उत्तम येणाऱ्यासही तो दुसऱ्या भाषेत नापास करू शके. मुलांनो, तुमचे गुरुजी इतके कठोर खचित नाहीत! ही परीक्षा १९५८ साली रद्द झाली व वर्णभेदाचे ते धोरण १९७३ साली पुरते संपले. आज तेथे मराठी कुटुंबेही सुखाने नांदत आहेत.

सारांश, बोटीवरच्या तोफा काढण्यास काही महिने पुरले. माणसाच्या मनातला भेद काढण्यास पाऊण शतक लागले. गाडीत कोणते ओझे घालावे हे जसे धनी ठरवितो, तसेच गाडीत कोणास बसू द्यावे हेही तोच ठरवितो. उद्या तुमच्या हाती अधिकाराचा कासरा येईल. तेव्हा या खलाशांची आठवण ठेवा.