व्यापाऱ्याचा छोटा संगणक

आपल्या खानदेशातील व्यापारी सतत प्रवासात असतो. रावेर, सावदा भागातील केळी दिल्लीपर्यंत जातात. जळगावच्या गिरण्यांतील डाळ गावोगावी पोहोचते. मालाबरोबर हिशेबही फिरवावा लागतो. पूर्वी त्यासाठी लाल कापडात बांधलेली वही असे. आता पुष्कळ व्यापारी लॅपटॉप, म्हणजे मांडीवर ठेवून वापरता येणारा घडीचा संगणक, बाळगतात. दुकानात असे अनेक संगणक मांडलेले असतात. त्यांतून प्रवासासाठी योग्य कोणता, हे कसे ओळखावे?

बरोबर नेता येणारा संगणक ही तशी जुनी गोष्ट आहे. 1981 साली अमेरिकेत ‘ऑस्बर्न-1’ हा संगणक विक्रीला आला. त्याचे वजन सुमारे 11 किलो होते आणि पडदा अवघा 5 इंचांचा होता! 1991 साली लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली. ती वजनाला हलकी असून पुष्कळ वीज साठवते. त्यामुळे पुढे संगणक हलके होत गेले. 2008 साली ‘मॅकबुक एअर’ आला. त्याचे वजन सुमारे 1.36 किलो होते. आज एक किलोच्या आसपासचे संगणकही मिळतात.

पण केवळ हलका म्हणून संगणक चांगला ठरत नाही. वजन कमी करताना कशात तरी काटकसर करावी लागते. ती कशात केली आहे, हे आपण शोधले पाहिजे.

पहिली परीक्षा वजनाची. माहितीपत्रकात सहसा फक्त संगणकाचे वजन दिलेले असते. पण प्रवासात चार्जरही न्यावा लागतो. म्हणून दोन्ही वस्तू एकत्र तोलाव्यात. मोबाइलचा आणि संगणकाचा चार्जर एकच चालत असेल, तर तेवढे ओझे वाचते.

दुसरी परीक्षा बॅटरीची. येथे तुमचे गणित कामाला येईल. बॅटरीत किती वीज मावते, हे ‘वॉट-तास’ या मापात लिहिलेले असते. समजा, एका संगणकाची बॅटरी 40 वॉट-तासांची आहे आणि त्याला साधारण 8 वॉट वीज लागते. 40 भागिले 8 म्हणजे 5 तास. दुसऱ्या संगणकाचे वजन अर्धा किलो जास्त आहे. पण त्याची बॅटरी 60 वॉट-तासांची आहे. तो साडेसात तास चालेल. मुंबई ते जळगाव हे रेल्वेचे अंतर सुमारे 420 किलोमीटर आहे. वाशीच्या बाजारातून परतणाऱ्या व्यापाऱ्याला वाटेतच हिशेब पुरा करायचा असेल, तर पहिला संगणक पाचोऱ्याच्या आधीच बंद पडू शकतो. डब्यात प्लग असतो. पण तो आपल्या जागेजवळ आणि चालू असेलच, याची खात्री नसते. केळी नाशवंत आहेत. ती भावासाठी थांबत नाहीत. ऐन वेळी हिशेब उघडला नाही, तर नुकसान होते.

तिसरी परीक्षा उन्हाची. जळगाव आणि धुळे येथे मे महिन्यात पारा 43 अंशांच्या वर जातो. पुष्कळ लॅपटॉप 35 अंशांपर्यंतच्या हवेत वापरावेत, अशी सूचना कंपन्या देतात. काही पातळ संगणकांत पंखा नसतो. ते तापले की आपला वेग आपोआप कमी करतात. उष्णतेने बॅटरीही लवकर म्हातारी होते. म्हणून बंद गाडीत, उन्हात संगणक कधीही ठेवू नये.

चौथी परीक्षा दुरुस्तीची. काही हलक्या संगणकांत स्मृतीचे भाग पक्के जोडलेले असतात. ते नंतर वाढवता येत नाहीत. काहींची बॅटरी घरी बदलता येत नाही. तेव्हा दुरुस्ती धुळ्यात किंवा जळगावात होते, की त्यासाठी पुणे-मुंबई गाठावी लागते, हे खरेदीआधीच विचारावे.

पाचवी परीक्षा लिहिण्याची. दुकानात उभ्याउभ्या चार ओळी लिहून पाहाव्यात. बटणे फार जवळजवळ असली, तर चुका होतात. आकड्यातील एक शून्य चुकले, तरी व्यवहार बिघडतो. तुमच्यासारख्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. ‘युनिकोड’ या पद्धतीमुळे एकाच संगणकावर मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषा लिहिता येतात. मराठी डावीकडून उजवीकडे लिहितात, तर उर्दू उजवीकडून डावीकडे. आपले नाव दोन्ही लिप्यांत लिहून पाहा. अक्षरे नीट जुळली, तर ग्राहकाला त्याच्या भाषेत पत्र पाठवता येईल.

या पाचही परीक्षांना दहा-दहा गुण द्या. मात्र सर्वांची गरज सारखी नसते. सकाळी जळगावहून एरंडोल, पारोळा करत धुळ्याला जाऊन संध्याकाळी परतणाऱ्याला हलकेपणा महत्त्वाचा वाटेल. आठवडाभर बाहेर राहणाऱ्याला मोठी बॅटरी हवी. म्हणून आधी आपले काम कागदावर लिहावे आणि मगच दुकानाची पायरी चढावी.

शेवटी एक गोष्ट विसरू नका. छोटा संगणक जसा सहज नेता येतो, तसाच तो सहज चोरीलाही जातो. संगणक पुन्हा विकत घेता येतो. हरवलेला हिशेब विकत मिळत नाही. म्हणून संगणकाला परवलीचा शब्द असावा आणि हिशेबाची दुसरी प्रत रोज घरी किंवा पेढीवर सुरक्षित ठेवावी.